तोफटोकावरचं तेरावं नाव

ता. ३ नोव्हेंबर, सोमवार

चाळिसावा नग दुपारी मागावरून उतरला. ऑर्डर संपली. माझी कंबर त्याच्या आधीच संपली होती.

भिंतीवर टांगायचं हँगिंग झकास झालंय. स्वतःच्या तोंडानं म्हणू नये, पण वहीत कोण ऐकतंय. एकतीस वर्षं जेकार्डची डिझाइनं काढतोय. मोर काढले, वाघ काढले, देव तर सगळे काढून झाले. समुद्रात घुसलेलं टोक मात्र पहिल्यांदाच. तोफटोक, कोकणातलं. पाहिलेलं नाही, शेठच्या फोनवर आलेल्या अकरा फोटोंवरून काढलं. डावीकडं आरमाराच्या काळातला बुरूज, त्याच्यापुढं गोऱ्यांची तोफ, उजवीकडं दीपगृह आणि नौदलाच्या ठाण्याची निशाणकाठी. महायुद्धाच्या वेळचे तोफांचे सिमेंटचे खड्डे आहेत तिथं, ते मी गाळले. कुरूप दिसत होते.

खाली नावं. सोळा वर्षांपूर्वी टोकाखालच्या खडकावर मच्छीमारांची होडी फुटली, तिच्यातली माणसं काढायला ठाण्यातले तेरा जण गेले ते परत आले नाहीत. त्यांची. तिथल्या दगडावर जशी कोरलीत तशीच अक्षरं घेतली, वेलांटीसुद्धा तीच. सहा डावीकडं, सहा उजवीकडं.

सहा आणि सहा बारा. होय, मला मोजता येतं.

आधी विणलेल्या एका नमुन्यात तेराही होती. फोटो तिकडं गेला, ठाण्याच्या साहेबांनी पसंतही केला. पण तेरावं मधोमध खाली एकटंच, दाराला टांगलेल्या लिंबू-मिरचीसारखं. डोळ्यात खुपत होतं. शिवाय तो नौसैनिक नव्हे, स्वयंपाकी. यादीत शेवटी. काढलं. साहेबांना एक फोन करायला हवा होता, पण दिवाळीची घाई. काल शेठनं विचारलं, "मास्तर, नावं सगळी आली ना?" आली, म्हणालो.

तपासायला कोण बसलंय.


ता. ५ नोव्हें., बुधवार

हे लिहू नये असं वाटतंय. म्हणून लिहितो.

घडीच्या टेबलावर मालनबाई असतात. पन्नाशीच्या पुढच्या, माढ्याकडच्या, धनगराच्या घरातल्या. नवरा गेल्यावर सोलापुरात आल्या. आठ-नऊ वर्षं आमच्याकडं धागे कापणं आणि घडी. कामापुरतं बोलणं. आज हँगिंगांचा गठ्ठा समोर घेऊन बसल्या होत्या, मी जवळून गेलो तर हाक मारली.

"मास्तर, ह्यात आमच्या बिरूचं नाव कुटं हाय?"

कोण बिरू?

"माजा भाऊ की. धाकला. तितंच व्हता. सायब वरसाला येत्यात आमच्या घरी, मी म्हनलं आमच्या कारखान्यात लई चांगलं इनत्यात. म्हनून तर ही आर्डर आली."

बिरुदेव सिदू. स्वयंपाकी. तेरावा.

मला वाटलं जमीन फाटावी. फाटत नसते. एमआयडीसीत तर खाली सगळं काँक्रीटच आहे.

"मला वाचाय येत न्हाय," त्या म्हणाल्या. "जरा बोट ठिवून दावा."

सांगायला एक वाक्य लागलं असतं. बाई, चुकलं, राहिलं. एवढंच. पण त्या अशा काही बघत होत्या, आणि मागं शिलाईच्या बायका, आणि मी डिझाइनमास्तर. बोट आपोआप गेलं. उजव्या रांगेतलं खालचं, बारावं. रतन सावळाराम. "हे," म्हणालो.

त्यांनी हात पदराला पुसले. मग त्या नावावरून चार बोटं फिरवली, डावीकडून उजवीकडं, बाळाच्या कपाळावरून फिरवतात तशी. मग घडी. मग दुसरा नग काढला, पुन्हा तेच.

मी तिथून निघालो. केबिनमध्ये येऊन पंखा लावला. नोव्हेंबरात.


ता. ६ नोव्हें., गुरुवार

जेवायच्या सुट्टीत मुद्दाम माझ्याजवळ आल्या. कडक भाकरी नि शेंगाचटणी माझ्यापुढं ठेवली. नको म्हणालो तर, "घ्या की. बिरूचं नाव एवढं चांगलं काढलंसा."

तुकडा मोडला, हातातच धरून बसलो.

मग बोलत बसल्या. नऊ वर्षांत बोलल्या नसतील तेवढं. बिरू मेंढरांमागं हिंडायचा. पोहायला विहिरीत शिकला. समुद्र बघायचा म्हणून घरातनं गेला, कुणाच्या तरी ओळखीनं त्या ठाण्यावर स्वयंपाकाला लागला. पहिल्या पत्रात लिहिलं होतं, हितं पानी लई हाय पन मेंढराला पाजाय येत न्हाय. हे सांगताना हसल्या.

त्या दिवशी त्याला जायचं कामच नव्हतं. चूल पेटलेली होती. "वल्हं माराय येक मानूस कमी पडत व्हतं. येका हातावाचून नाव निघंना. ह्यो गेला."

मढं गावाला आलं नाही. मिळालंच नाही. आई होती तोवर म्हणायची, कुठंतरी असंल. आता आईही नाही.

"तवा नावच काय ते," मालनबाई म्हणाल्या. "बाकी काय न्हाय बगा आमच्याजवळ."

एक माणूस कमी पडत होता म्हणून तो गेला. एक माणूस जास्त होत होता म्हणून मी त्याला काढला. पाणी प्यायला उठलो आणि परत जेवायला बसलोच नाही.


ता. ८ नोव्हें., शनि.

आज सांगायचंच असं ठरवून गेलो. अंघोळ करताना वाक्यसुद्धा तयार केलं.

सकाळी: घडीच्या टेबलापर्यंत गेलो. "मालनबाई..." म्हणालो. त्यांनी वर बघितलं. "घड्या नीट घाला, कोपऱ्याला कोपरा," म्हणालो.

कोपऱ्याला कोपरा त्या गेली नऊ वर्षं घालतायत. शेपूट घालणं म्हणतात ते हे.

दुपारी माग क्र. ७ कडं गेलो. नव्यानं चाळीस विणता येतील का बघायला. उभ्या धाग्यांचा ताणा उतरवलेला. हॉटेलचे टॉवेल चढलेत, पंधरा दिवस तो माग सुटत नाही. पुन्हा डिझाइनची कार्डं पंच करायची तर शेठला कारण सांगावं लागेल. कारण म्हणजे मी.


ता. ९ नोव्हें., रविवार

पद्माला सांगितलं. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली, बायको माझ्या चेहऱ्यावरून ताण्यातला तुटलेला धागासुद्धा ओळखते. दोन दिवस तेलुगूत हाक मारून विचारत होती, "एमंडी, पोट दुखतंय का?"

सगळं सांगितलं. ती डाळ निवडत होती. निवडायची थांबली नाही.

"नाव काढलं ते चुकलं," म्हणाली. "पण चूक होते माणसाकडनं. दुसऱ्याच्या नावावर तिचं बोट नेऊन ठेवलं, ती चूक नाही."

मग काय आहे?

"ते तुम्हाला माहिती आहे. म्हणून तर दोन दिवस जेवण नाही."

मग ताट उचलून आत गेली. तिच्या घराण्यात चार पिढ्या विणकर. तिच्या आजोबांनी म्हणे नवसाच्या साडीत एक उभा धागा चुकला म्हणून पूर्ण साडी उकलली होती. ही गोष्ट ती मला लग्नापासून सांगते. आज सांगितली नाही, आणि तेच जास्त लागलं.


ता. १३ नोव्हें., गुरुवार

पार्सल गेलं. गठ्ठे बांधताना मी उभा होतो. टेंपोत चढवताना उभा होतो. टेंपो अक्कलकोट रोडला वळेपर्यंत उभा होतो. थांबा म्हणायला तोंड होतं ना मला? तोंडात मिठाची गुळणी.

संध्याकाळी शेठनं बोलावलं. खुशीत. तिकडच्या साहेबांचा फोन होता. सात डिसेंबरला टोकावर कार्यक्रम. गठ्ठे त्याच दिवशी उघडणार. प्रत्येक घराला स्टेजवर बोलावून एकेक हँगिंग, बाकीची पाहुण्यांना, एक तिथल्या हॉलमध्ये. मालनबाईंना घरचं माणूस म्हणून बोलावणं. आणि मला.

"तुम्हाला का, माहितीय?" शेठ म्हणाला. "सत्कार! शाल-श्रीफळ. सोलापूरचे कलाकार. दोन शब्द बोलायचेत. बाईंना तुम्हीच घेऊन जा, त्या बिचाऱ्या एकट्या कुठं जाणार."

म्हणजे तेरा घरांना तेरा हँगिंग. त्यातलं एक मालनबाईंना. त्यांच्या भावाचं नाव नसलेलं.


ता. १७ नोव्हें., सोम.

नमुना सापडला.

मी शोधतच नव्हतो. पंचिंग मशीनवर धूळ बसू नये म्हणून कापड टाकलेलं असतं, ते आज ओढलं तर बुरूज दिसला. उलगडलं. तोफ, दीपगृह, बारा नावं, आणि खाली मधोमध बिरुदेव सिदू. मीच टाकलं असणार दिवाळीच्या घाईत. वंगणाचे हात कुणीतरी त्यालाच पुसलेत. नेमके खालच्या बाजूला, कारण तीच बाजू हाताशी येते. नाव वाचता येतं, पण त्याच्यावर चार बोटांचा काळा ठसा.

कुणाचा ठसा कुणास ठाऊक. मी माझी बोटं लावून बघितली. बसतात. कुणाचीही बसतील म्हणा.

जगात या माणसाचं नाव असलेलं कापड हे एकच, आणि ते आम्ही हात पुसायला वापरलं.

गुंडाळून घरी आणलं.


ता. १८ नोव्हें., मंगळ.

रॉकेल, मग साबण, मग लिंबू, मग पद्मानं सांगितलेला सोडा. डाग फिका झाला, गेला नाही. जास्त घासावं तर अक्षरांचा आडवा धागा विरतो. पद्मा म्हणाली, आता घासू नका. गच्चीवर वाळत घातलं. शेजारच्या म्हातारीनं विचारलं, काय हो, काय आहे ते? समुद्र, म्हणालो.


ता. २४ नोव्हें., सोमवार

शेठला सांगितलं. दार लावून घेतलं आणि सांगितलं.

तो वाईट माणूस नाही. माझ्यासमोर लहानाचा मोठा झाला, याच्या वडिलांनी मला कामाला ठेवलं. त्यानं कपाळाला हात लावला. त्याची आई कानडीत बोलते तसं काहीतरी पुटपुटला. मग म्हणाला, "मास्तर, एवढ्या गर्दीत कोण मोजतंय? बाईंना वाचता येत नाही. बाकीचे आपापलं नाव बघणार. कार्यक्रम होऊन जाऊ दे, नंतर हळूच त्यांना एक तेरा नावांचं विणून देऊ. झाकली मूठ."

मला बरं वाटलं. हे लिहायची लाज वाटते, पण घटकाभर खरंच बरं वाटलं. दुसरं कुणीतरी गप्प बसायला सांगितलं की गप्प बसणं आपलं राहत नाही.

बाहेर आलो तर मालनबाई. "मास्तर, तितं जायाचं तर काय न्यावं? बिरोबाचा भंडारा न्यावा का? चालंल का सायबास्नी?"

चालेल, म्हणालो.


ता. २ डिसेंबर, मंगळवार

ताप आला असता तर बरं झालं असतं. सकाळी थर्मामीटर लावून बघितला. ९८. पद्मानं बघितलं आणि तो डबीत ठेवला. बॅगेत माझा पांढरा सदरा भरला. नमुन्याचं कापडही भरलं. ते मी भरायला सांगितलं नव्हतं.


ता. ५ डिसें., शुक्र. कोल्हापूर

सकाळची एसटी. मालनबाई खिडकीशी. नवं लुगडं, मांडीवर पिशवी. पंढरपूर फाटा गेला, सांगोला गेलं, त्यांचं लक्ष बाहेरच्या मेंढरांवर. "आमच्याकडं यंदा चारा बरा हाय."

मिरजेपर्यंत तीनदा घसा साफ केला. तिसऱ्यांदा त्यांनी पिशवीतनं खडीसाखर काढून दिली.

एकदा म्हणाल्या, "मला आता त्येचं नाव वळखाय येतंय. कसं माहितीय का? पयलं अक्षर कोयत्यावानी वाकडं, मग दोन काट्या, मग मोकळी जागा. चाळीस डाव बघितलं की मी. कुटंबी दिसलं तरी वळखीन."

मी झोपेचं सोंग घेतलं. मिरज ते कोल्हापूर, डोळे मिटून, सोंगात.

धर्मशाळेत दोन खोल्या मिळाल्या. इथं दिव्याला प्रकाश कमी आहे. उद्या सांगतो. टोकावर पोचायच्या आत. घाटातच.


ता. ६ डिसें., शनिवार. तोफटोक

घाटात नाही सांगितलं.

जे झालं ते क्रमानं लिहितो, नाहीतर उद्या स्वतःशीच खोटं बोलेन.

दुपारी दीडला पोचलो. ठाण्याची गाडी स्टँडवर घ्यायला आली होती. टोक मी काढलं तसं नाही. फोटोत ते छान आखीव दिसतं. प्रत्यक्षात नुसता वारा. बुरूज निम्मा ढासळलेला, तोफ गंजून तिच्यात कुणीतरी पाण्याची बाटली कोंबलेली. आणि ते सिमेंटचे खड्डे, जे मी गाळले, तेच सगळ्यांत आधी नजरेत भरतात. टोकाचा निम्मा भाग तेच आहेत. ते काढले तर हे टोक हे टोकच राहत नाही.

मालनबाईंनी समुद्र बघितला.  मग म्हणाल्या, "एवढ्या पान्यात त्येला हिरीतलं पवनं काय पुरनार."

दगड बुरुजाच्या पायथ्याशी आहे. काळा, पुरुषभर उंच. घरची माणसं जमत होती, दहाबारा तरी. मालनबाई पुढं झाल्या. मी मागं. मला कळत होतं काय होणार आहे, पायऱ्या चढतानाच कळलं, आणि तरी मी मागंच राहिलो.

त्यांनी दगडावर बोट धरून शोधलं. वरून खाली. कोयता, दोन काट्या, मोकळी जागा. मी अक्षरांचं वळणसुद्धा तेच ठेवलं होतं ना. सापडलं त्यांना.

"ह्यो बगा आमचा बिरू," म्हणाल्या. किती आनंदानं म्हणाल्या.

बसल्या. पिशवीतनं भंडाऱ्याची पुडी काढली, पिवळा भंडारा चिमटीनं त्या नावाला लावला. अक्षरात भरला. गावची मूठभर माती आणली होती, ती खाली ठेवली. भाकरीचा तुकडा ठेवला. डोकं टेकवलं. "बिरू, आय गेली रं," म्हणाल्या. "तुजी वाट बगत गेली."

रतन सावळारामच्या नावापुढं.

मी तीन हातांवर उभा. आता तरी सांगायचं. नाही. 

शेजारी एक म्हातारी होती, इथलीच, खालच्या वाडीतली, अंगाला माशांचा वास. ती वाकली, मालनबाईंच्या खांद्याला हात लावला. "गो बाय, ता माझ्या झिलाचा नाव."

मालनबाईंना आधी कळलंच नाही. मग कळलं. रागावल्या नाहीत, हसल्या. म्हातारीची समजूत घालायला लागल्या. "न्हाय वो आजी, तुमची चुकी व्हतीया. ह्यो आमचा बिरू." आणि मग माझ्याकडं वळून, "मास्तर, सांगा की ह्यास्नी! तुमीच दाखिवलं व्हतं न्हवं?"

सगळे माझ्याकडं बघत होते.

"आजी बरोबर सांगतायत," मी म्हणालो.  "बिरूचं नाव हे." आणि खाली, शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. दगडावरही ते मधोमध एकटंच आहे. वाईट दिसत नाही. अजिबात वाईट दिसत नाही.

त्या त्या नावाकडं बघत राहिल्या. अनोळखी माणसाकडं बघावं तसं. "ह्ये तर म्या कापडावर बघितलंच न्हाय."

मग बाकीचं सांगितलं. सगळं. जागा नव्हती असं तोंडात आलं होतं, पण तेवढं खोटं गिळलं. जागा होती, बाई. मला छान दिसलं नाही. स्वयंपाकी म्हणून काढलं.

वाऱ्यात ऐकू गेलं की नाही कळेना. त्या उठल्या नाहीत. बसल्या जागेवरूनच म्हणाल्या, "सैपाकी समद्यांच्या मागनं जेवतो, मास्तर. म्हनून मागंच ऱ्हायला व्हय त्यो?"

मी नावावरचं बोट उचललं. 

मग म्हातारीकडं वळल्या. "आजी, तुमच्या लेकाला आमचा भंडारा लागला. पुसू का?" म्हातारी म्हणाली, "आसां दे गो. माझो झील तुझ्या भावाच्या हातचा जेवलेलो आसतलो." दोघी तिथं दगडाला टेकून बसल्या. मला कुणी जा म्हणालं नाही, ये म्हणालं नाही. मी तोफेजवळ जाऊन उभा राहिलो. तिच्यातली बाटली काढली. दुसरं करण्यासारखं काही नव्हतं.

दिवे लागायच्या वेळी खोलीवर आल्या. दारातच उभ्या. "नमुन्यात व्हतं म्हनलासा न्हवं? कुटं हाय त्यो?"

बॅगेतनं काढून दिला. डाग कसला ते पण सांगितलं. त्यांनी डागावरून अंगठा फिरवला, वास घेतला. "वंगान," म्हणाल्या. काखेत धरला.

मी म्हणालो, "मालनबाई, मला माफ..."

"मला येकटीला सांगून काय उपेग?" त्या म्हणाल्या. "चाळीस लोकांच्या घरी जानार न्हवं ते? उद्या समद्यास्नी सांगा." दार ओढून घेतलं. जोरात नाही. नेहमीसारखंच.

साहेबांकडं आत्ता जाऊन सांगता येईल. सांगितलं की कार्यक्रमाला गठ्ठे उघडणारच नाहीत, गुपचूप सगळं परत सोलापूरला. शाल वाचेल. मालनबाईंनी साहेबांना सांगा असं म्हटलं नाही. समद्यास्नी म्हणाल्या.


ता. ७ डिसें., रविवार

सकाळी दहा. मांडव. पेन्सिलनं लिहितोय, वही गुडघ्यावर.

शेठचा फोन येऊन गेला: "मास्तर, भाषण छोटं ठेवा, पुढच्या वर्षी मोठी ऑर्डर आहे म्हणतायत." बरं म्हणालो. बरं म्हणजे काय ते त्यानं विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

गठ्ठे स्टेजवर आहेत. सुतळीच्या गाठी आमच्याच. एक नौसैनिक कात्री घेऊन उभा.

मालनबाई पहिल्या रांगेत, कालच्या म्हातारीच्या शेजारी. मांडीवर नमुना. चौघडी घातलीय, कोपऱ्याला कोपरा, पण नेहमी नावं आत जातात तशी नाही. शेवटचं नाव वर ठेवलंय. डागासकट. मी मागच्या रांगेत कडेला आहे, इथून तिरकं वाचू शकतो. त्या एकदाही मागं वळल्या नाहीत.

सदरा ओला झालाय. दोन शब्द म्हणे. पद्मा असती तर म्हणाली असती, दोनच आहेत की, बिरुदेव सिदू. पण त्यांच्या आधीचे शब्द कुठून आणायचे, आणि त्यानंतर उद्या घडीच्या टेबलाजवळून कसं जायचं? मालनबाई कामावर येतील की नाही, तेही माहीत नाही. मला तरी ठेवतील का.

पुष्पचक्र झालं. दिवा लावला. दोनदा विझला वाऱ्यानं, तिसऱ्यांदा लागला.

साहेब माईकवर. सोलापूरचे ज्येष्ठ कलाकार, म्हणतायत. ज्यांनी आपल्या प्रत्येक वीराचं नाव

टाळ्या.

माझं नाव पुकारलं. उठतो.